‘थांब ना गा’मधला दुसरा आवाज

बाबा,

मागच्या महिन्यात ती नागपूरला आली होती. तुमची शिष्या, तुमची पारशिवनी. शहरभर तिच्या गाण्याच्या कार्यक्रमाचे फ्लेक्स लागले होते. एक आमच्या शाळेच्या कंपाउंडवरही होता, आणि मी रोज त्याच्यासमोरच गाडी लावून आत जायची. जायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं. मग तिकीट काढलं. अगदी मागचं, प्लास्टिकच्या खुर्च्यांचं. तिला नुसतं कळवलं असतं तर तिने घ्यायला माणूस पाठवला असता, पण मला तिची गाडी नको होती आणि तिचा पासही नको होता. मला फक्त बघायचं होतं. काय बघायचं होतं, ते विचारू नका.

आधी सगळी नाचायची गाणी झाली. स्कूटीवालं गाणं लागलं तेव्हा माझ्या शेजारच्या बाई, माझ्याच वयाच्या, चपला काढून खुर्चीवर उभ्या राहिल्या. मग दिवे मंद झाले, अर्धेअधिक वाजवणारे आत निघून गेले, आणि ती माईकजवळ येऊन म्हणाली, "आता माह्या बाबांचं गाणं." मैदानात मोबाईलचे दिवे लागले. "मले ज्यायनं गायले शिकवलं, ते याच शहरात राहत होते. महाल भागात. माहे बाबा." आणि टाळ्या पडल्या. तुमच्यासाठी एवढ्या टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. त्या ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, आपणही त्या बाईसारखं खुर्चीवर उभं राहावं आणि ओरडावं की हिचे नाहीत, हिचे वडील पारशिवनीकडे शेती करत होते, हे माझे आहेत.

पन्नाशीला आलेल्या, शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाईला असं वाटतं. तुम्हाला हसू येत असेल. म्हणून हे लिहून राहिले आहे, कारण आईला सांगितलं तर ती म्हणते, "मेलेल्या माणसावरून काय भांडता वं तुम्ही दोघी?" आणि दुसरं कोणाला सांगण्यासारखं हे नाही.

तुम्ही दिवसा सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत कारकून होता आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात ऑर्गन वाजवायचे. कचेरीतल्या लोकांना ऑर्गनचं माहीत नव्हतं आणि ऑर्केस्ट्रातल्या लोकांना तुमच्या खऱ्या आवडीचं माहीत नव्हतं. ती मला माहीत होती. कामठीला एक निवृत्त रेल्वे गार्ड राहायचे, एकटेच. त्यांच्याकडे अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या रेकॉर्डी होत्या. रविवारी तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभं करून त्यांच्याकडे न्यायचे. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण त्या रेकॉर्डींमधल्या बायका एखाद्या ओळीवर अशा अडून बसायच्या, जणू समोरचा माणूस उत्तर दिल्याशिवाय त्या उठणारच नाहीत. गार्डसाहेब म्हणायचे, ह्याला सोल म्हणतात, म्हणजे आत्मा. घरी येऊन तुम्ही आईला तो शब्द सांगितला, तर ती म्हणाली, "सोल? चपलेचा असते तो?" तुम्ही म्हणाले, "तेच समज. तळापासून गायचं." त्या रविवारांत ती कुठेच नव्हती, बाबा. ते दिवस मी अजून तिच्यापासून राखून ठेवले आहेत. मुलाखतींमध्ये ती आपल्या घराचं सगळं सांगते, माठाचं, आईच्या भाजीचं, पण कामठीचं तिला सांगता येत नाही. तिला माहीतच नाही ते.

तुमच्या त्या गाण्याची, ‘थांब ना गा’ची, चाल तुम्हाला इतवारीच्या बाजारात मिळाली. मी कॉलेजात होते. एक म्हातारी हातगाडीवाल्यामागे धावत होती, तिची पिशवी त्याच्या गाडीवर राहिली होती, आणि ती ओरडत होती, "थांब ना गा... थांब ना गा..." दुसऱ्या वेळी तिचा आवाज ज्या ठिकाणी उतरला, तिथून तुम्ही गाणं उचललं. घरी आले ते थेट स्वयंपाकघरात. मी शेंगा सोलत बसले होते. तुम्ही ओट्यावर बोटांनी ताल धरून मला ओळ म्हणून दाखवली, मी म्हटली, तुम्ही पुढची केली, मी तीही म्हटली. असं ते गाणं आठवडाभर त्या ओट्याजवळ तयार झालं. शब्द तुम्ही आईच्या बोलीतले घेतले, ‘रे’च्या जागी ‘गा’ म्हणणारे. आंघोळीला जाताना, कॉलेजातून येताना, कपडे वाळत घालताना मी तेच गात राहिले. ते माझं गाणं आहे असं तुम्ही कधी म्हणाले नाही, हे खरं. पण माझ्याशिवाय ते कोणाला येत होतं?

मग नवरात्रात, वस्तीतल्या शारदोत्सवाच्या कार्यक्रमात, ती आली. तुम्ही घरी येऊन चप्पल काढायच्या आधी बोलायला लागले होते. "आज एक पोरगी अंतरा विसरली." आई म्हणाली, "मग?" "मग काय. पहिलीच ओळ धरून बसली. वेगवेगळी म्हणून राहिली, भांडून राहिली त्या ओळीशी. आम्ही वाजवणारे तिच्यामागे धावलो. विसरली ते किती बरं झालं!" इतकं हसताना मी तुम्हाला क्वचित पाहिलं होतं. ती पारशिवनीकडच्या एका खेड्यातली होती, शिकायला नागपूरला आलेली, शहराबाहेर वाडीला मामाकडे राहायची. मामा एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला होता आणि त्याच्या खोलीत रात्रंदिवस ट्रकचे हॉर्न ऐकू यायचे. ती पुढे म्हणायची की हॉर्नच्या वर आवाज चढवायची सवय तिला तिथेच लागली. तुम्ही तिला नावाने कधी हाक मारली नाही. पारशिवनी, बस.

पहिल्यांदा घरी आली तो दिवस मला आत्ता, लिहिताना, समोर दिसतो. ती खुर्चीवर न बसता जमिनीवर बसते. आई तिला पोहे देते, ती मागून घेऊन पुन्हा खाते. तुम्ही मला म्हणता, "हिला ‘थांब ना गा’ शिकव." आणि मी शिकवते, बाबा. मोठ्या उत्साहाने, ओळीओळीने, कुठे श्वास घ्यायचा तेही सांगून. ती मान हलवत ऐकते. मग तुम्ही ऑर्गनवर बसता आणि तिला म्हणता, आता तू. ती सुरुवातच उशिरा करते. मला वाटतं, चुकली. पण ती ‘थांब’ म्हणते आणि खरंच सगळं थांबतं. आई कणकेचे हात घेऊन दारात येते. ती सूर सोडून देते, परत पकडते, एका जागी तर चक्क बेसूर होते, आणि तुम्ही डोळे मिटून वाजवत राहता. संपल्यावर तुम्ही माझ्याकडे बघत नाही. ऑर्गनच्या पट्ट्यांकडे बघून म्हणता, "हे गाणं हिचं आहे."

त्या संध्याकाळी मी चहा करत होते आणि तुम्ही स्वयंपाकघरात आले. मी विचारलं, "काहून? माझा सूर चुकतो का?"

"तुझा सूर कधीच चुकत नाही," तुम्ही म्हणाले.

"मग?"

तुम्ही पातेल्यातल्या चहाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सूर पक्का आहे तुझा. पण त्यात कोणी राहत नाही. घर झाडून-पुसून ठेवलं आहे, आणि बाहेरून कुलूप." आणि त्याच दमात विचारलं, "साखर टाकली का गं?"

मी साखर टाकली. त्या दिवसापासून आजपर्यंत मी रियाझाला बसले की ते वाक्य आधी येऊन बसतं. तुम्ही ते रागाने म्हणाले असते तर मी विसरले असते. तुम्ही ते हवामान सांगावं तसं सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही कचेरीतून रजा काढून अल्बम करायला घेतला. मागच्या खोलीच्या भिंतींना, आवाज घुमू नये म्हणून, इतवारीतून आणलेलं तुरीच्या पोत्यांचं बारदान ठोकलं. खोलीभर तुरीचा वास सुटला, तो कधी गेलाच नाही. चार ट्रॅकचं, म्हणजे चार आवाज वेगवेगळे टेप करणारं, एक जुनं मशीन तुम्ही ऑर्केस्ट्रातल्या कोणाकडून आणलं होतं. मे महिना, आणि कूलरचा आवाज टेपमध्ये येतो म्हणून कूलर बंद. आई कुकरच्या शिट्ट्या सकाळीच उरकून घ्यायची. आपण सगळे घामाने निथळत होतो, आणि ती मधल्या सुट्टीत माठातलं पाणी डोक्यावर ओतून घ्यायची आणि तशीच ओली येऊन माईकसमोर उभी राहायची. तुम्ही तिला आणायला भर दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून वाडीपर्यंत स्कूटर घेऊन जायचे. मला कॉलेजातून आणायला तुम्ही एकदाही आले नव्हते. मी तसं म्हटलंही एकदा. तुम्ही म्हणाले, "तुला बस आहे ना." होती बस. बसचं काही म्हणणं नव्हतं माझं.

काम रात्रीपर्यंत चाललं की ती माझ्या पलंगावर झोपायची, मी खाली. आई तिच्या केसांना तेल लावून द्यायची आणि म्हणायची, "कसे दाट केस हायेत वं हिचे." माझं तिने काही वाईट केलं नाही, हीच तर पंचाईत होती. ती माझ्याशी हसून बोलायची, माझे कपडे धुऊन टाकायची, मला सारखी विचारायची, "हे बरोबर गायली का मी?" आणि मी म्हणायची, बरोबर. बरोबर नसायचंच ते. बरोबरपेक्षा चांगलं असायचं, आणि त्यासाठी माझ्याकडे शब्द नव्हता आणि असता तरी मी दिला नसता.

मला तुम्ही दुसरा आवाज दिला. खालचा. ती वर गाणार आणि मी तिच्याखाली एका सुरावर उभी राहणार. ‘गा’ या अक्षरावर ती खाली उतरत येते तेव्हा मी हलायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतं. आणि तुम्ही माझा आवाज आधी टेप केला. एकटा. समोर गाणं नाही, गाणारी नाही, फक्त तुमचा ऑर्गन, आणि मी त्या तुरीच्या वासात उभी राहून रिकाम्या जागेला साथ करते आहे. मला वाटलं, हा माझा अपमान आहे. घर बांधायच्या आधी बांबू लावतात आणि मग काढून टाकतात, तशी मी.

कॅसेट निघाली. कव्हरवर तिचा फोटो, तुमचं नाव बारीक अक्षरात, आणि शेवटी एक ओळ: साथ – घरची मंडळी. घरची मंडळी म्हणजे मी, बाबा. आई तर त्यात गायली नव्हती.

आणि ती कॅसेट कोणीच घेतली नाही. सीताबर्डीतल्या दुकानदारांकडे तुम्ही स्वतः जाऊन ठेवून आले, मी बरोबर होते. एकाने थोडी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "काकाजी, आवाज मस्त आहे, पण यावर नाचणार कसं? आणि रडायचं असेल तर लोक जुनी गाणी घेतात." ऑर्केस्ट्रातले लोक म्हणाले, इंग्रजी चालीत वऱ्हाडी शब्द, हे काय करून ठेवलं. रेडिओवर कधी लागली नाही. उरलेल्या कॅसेटी खोक्यांत भरून पलंगाखाली गेल्या, म्हणजे मी पुन्हा पलंगावर झोपायला लागले तेव्हा त्यांच्या वर झोपत होते. झोप बरी लागायची. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कचेरीत गेले आणि संध्याकाळी एका लग्नात ऑर्गन वाजवून आले.

ती मुंबईला गेली. आधी कोरसमध्ये होती, मग कोणाच्या तरी मागे, मग काही वर्षांनी एकदम ते स्कूटीवालं गाणं आलं आणि वरातीत, गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, सगळीकडे तेच. मी तेव्हा नुकतीच शाळेत लागले होते. टीव्हीवर ते पहिल्यांदा लागलं तेव्हा मी मुद्दाम तुमच्याकडे पाहत बसले. चमकीचे कपडे, मागे नाचणारी पोरं, आणि शब्द तर काय सांगावेत. मला खात्री होती की तुम्ही उठून टीव्ही बंद कराल. तुम्ही म्हणाल, वाया गेली. आणि मग घरात गाणारी मी एकटीच उरेन. तुम्ही रिमोट घेतला आणि आवाज वाढवला.

"श्वास बघ कुठे घेते," तुम्ही म्हणाले. "कोणाला समजतसुद्धा नाही."

"बाबा, हे काय गाणं आहे?"

"नाचायचं गाणं आहे. लोक नाचून राहिले ना? मग झालं." आणि तुम्ही मांडीवर ठेका धरला. नंतर बाजूच्या काकांनी सुनावलं की तुमच्या शिष्येनं तर बाजार मांडला, तेव्हाही तुम्ही चिडले नाही. म्हणाले, "तिची हळू गाणी तुम्ही ऐकली होती का?" काका म्हणाले, नाही. "मग तिनं काय करायचं?" मी तिथेच उभी होते. मी तिची हळू गाणी ऐकली होती, मीच तर त्यात होते, पण माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

तुम्ही गेले तेव्हा ती बाहेरदेशी होती. चौथ्या दिवशी आली. विमानतळावरून थेट घरी, चेहरा धुतलेला नाही, आणि दारातच आईच्या गळ्यात पडून अशी रडली की आई तिला समजावत बसली. अर्ध्या तासात गल्लीत गर्दी झाली. कोणीतरी पाहिलं असेल. पोरी, बाया, मोबाईल वर धरलेले. मी दारावर उभी राहून लोकांना हात जोडून सांगत होते, की घरात दुःख आहे. एक बाई मला म्हणाली, "ताई, एकच फोटो, तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हटलं, कोणी नाही. तिने माझ्या हातात मोबाईल दिला आणि म्हणाली, मग तुम्हीच काढून द्या ना. तुमच्या चौथ्या दिवशी, बाबा, मी तिचे फोटो काढले. ती आतून आली, डोळे सुजलेले, त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, हसली नाही, पण उभी राहिली. मी बटण दाबलं. आणि माझ्या मनात काय आलं तर हे: रडूनही ही चांगली दिसते.

त्यानंतर मी तिच्यापासून लांब राहिले. दिवाळीला तिचा आईला फोन यायचा, मी स्वयंपाकघरात जायची. आता गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवंच झालं आहे. कोणीतरी ती जुनी कॅसेट इंटरनेटवर चढवली. तुम्हाला हे समजावून सांगायला वेळ लागेल, एवढंच समजा की आता ती कोणालाही कुठेही ऐकता येते. आणि लोक वेडे झाले. वीस-बावीस वर्षांची मुलं म्हणतात, हे तिचं खरं काम, बाकीचं सगळं नंतरचं. बारदानाच्या खोलीचा तो कोंदट आवाज त्यांना आवडतो. माझ्या शाळेतली एक मुलगी, दहावीतली, चांगली गाते, ती एक दिवस तासानंतर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही ‘थांब ना गा’ ऐकलं आहे? त्यात खाली जो दुसरा आवाज आहे ना, तो पण तिनेच दिला आहे. स्वतःच्याच आवाजाला स्वतःच साथ! किती कठीण असेल ना?" तिचे डोळे चमकत होते. मी म्हटलं, "हो, असेल कठीण." ती गेल्यावर मी बाकावर बसून राहिले. कोणी माझं नाव चुकीचं लिहिलं असतं तर मी भांडले असते. पण माझा आवाज तिचाच म्हणून चालला होता, आणि लोक त्याची स्तुती करत होते.

तर परत त्या मैदानावर येते. तिने ‘थांब ना गा’ सुरू केलं. आवाज जाड झाला आहे आता, थोडा फाटतो, आणि त्यामुळे आणखी चांगला झाला आहे. हे लिहितानाही मला कष्ट होतात. तिच्याबरोबर एक तरुण मुलगी दुसरा आवाज गात होती, कानात स्टेजवर गाणाऱ्यांचं ते छोटं यंत्र, सुंदर दिसणारी. आणि ‘गा’वर ती मुलगी तिच्याबरोबर खाली उतरली! हलली, बाबा. हातात हात घालून दोघी खाली. कोणालाही काही खटकलं नाही, सगळे मोबाईलचे दिवे लावून डोलत होते, आणि मी एकटी त्या प्लास्टिकच्या खुर्चीत दात आवळून बसले होते. कार्यक्रम संपल्यावर माझे पाय घराकडे जाण्याऐवजी स्टेजच्या मागच्या बाजूला गेले. दारावरच्या माणसाला मी म्हटलं, "त्यांना सांगा, महालातून ताई आली आहे." मला वाटलं, हाकलतील. ती स्वतः धावत बाहेर आली, अर्धा मेकअप पुसलेला, पायांत स्लीपर.

"तू आली? मले सांगितलं काहून नाही? आई कशी हाय?"

मी काहीच न विचारता म्हटलं, "ती पोरगी चुकीचं गाते. दुसरा आवाज तिथे हलत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग मोठ्याने हसली. "मले माहीत नाही का वं? तिले सांगून सांगून थकली मी. तिच्याआधीच्या पोरीले बी नाही जमलं. माह्या मागं-मागं येतात सगळ्या."

"आणि तू त्यांना बाबा म्हणालीस. एवढ्या लोकांसमोर."

हे तोंडातून निघून गेलं. तिचं हसू थांबलं. तिने मला हाताला धरून आत नेलं, एका लोखंडी पेटीवर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसली, तशीच, पहिल्या दिवसासारखी. "मग काय म्हणू?" ती म्हणाली. "सर म्हणू? माह्या बापानं ते कॅसेट एक डाव बी ऐकली नाही. गाणारी पोरगी म्हणून गावात तोंड दाखवाले लाजत होता तो. स्कूटीवालं गाणं आलं तवा मंग पेढे वाटले." मग म्हणाली, "तुले राग येते हे मले तवाच समजलं होतं. पन मी काय करू वं? मले दुसरीकडं कुठं जागाच नव्हती."

मला तिची दया यायला हवी होती. आली, थोडी. पण लगेच मनात आलं की हे असं बोलणंही तिला किती छान जमतं.

मग तिने ते सांगितलं, जे तिने आपणहून म्हणावं म्हणून, मला वाटतं, मी इतकी वर्षं तिच्याशी बोलले नाही. ती कॅसेट आता एक मोठी कंपनी नव्याने काढणार आहे, तिने ती सगळी गाणी पुन्हा गायची आहेत, आणि तिला दुसरा आवाज मीच हवी आहे. "तुहा आवाज पहिले टेप करून मले हेडफोनमध्ये दिला होता बाबांनी, आठवते? मले म्हणाले होते, तुले पाहिजे तितकी भटक, रस्ता चुकली तर हिले ऐक. ही हलत नाही. म्हणून मी इतकी भटकली त्या गाण्यात." ती म्हणाली, "नाव बी टाकू तुहं. मोठ्या अक्षरात."

तुम्ही हे तिला सांगितलं होतं. मला का नाही सांगितलं, बाबा? मला कुलूप सांगितलं आणि तिला हे. माझ्याबद्दल जे चांगलं बोलायचं, तेही तिलाच सांगितलंत! मी त्या पेटीवर बसून हाच विचार करत होते आणि ती उत्तराची वाट बघत होती. मी हो म्हटलं. तिचं वाक्य पुरतं संपायच्या आतच म्हटलं, खरं तर.

मागच्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, इथल्याच एका स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. थंडगार खोली, भिंतींना राखाडी फोम, कुठलाही वास नाही. मी दुसरा आवाज गायला, पहिल्याच फेरीत बरोबर आला. रेकॉर्डिंग करणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमच्या आवाजावर तर मशीन ट्यून करता येईल." ती काचेपलीकडे अंगठा वर करून उभी होती. काम झालं होतं. मी हेडफोन काढला, परत घातला, आणि माईकमध्ये म्हटलं, "एकदा मी वरचा आवाज गाऊ? सहजच."

तिने त्या मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गा ना वं. तुहंच तर गाणं हाय."

हेडफोनमध्ये ऑर्गन सुरू झाला. मी गायले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, शेंगा सोलताना तुम्ही जशी सांगितली होती तशी, एकही जागा न सोडता. मध्ये मी उशिरा सुरुवात करून पाहिली, तिच्यासारखी. एका ठिकाणी सूर सोडून द्यायचाही प्रयत्न केला, पण तो सुटेना. मी तुम्हाला आठवलं, चौथ्या दिवशीचा तो मोबाईल आठवला, सगळं आठवून पाहिलं. संपल्यावर काचेपलीकडून तिचा आवाज आला: "खूप छान. खूपच छान झालं." बाबा, ती माझ्याशी असं शुद्ध कधीच बोलत नाही. ते तिचं टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतलं परीक्षकाचं बोलणं आहे, ज्या स्पर्धकांना घरी पाठवायचं असतं त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं. म्हणजे मला कळलं. आणि ती बोलली नसती तरी मला कळलंच होतं, दुसऱ्या कडव्यापर्यंत.

तुमचं बरोबर होतं. गाणं तिचंच आहे. हे तुम्ही असताना मी तोंडाने कबूल केलं नसतं, आणि आताही हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, आईला दाखवणार नाही, आणि तिला तर मुळीच नाही. तिचा हेवा वाटायचा तो आजही तेवढाच वाटतो. नाव मोठ्या अक्षरात येईल तेव्हाही वाटेल, कारण तिचं त्याहून मोठं असेल.

फक्त एक गोष्ट. निघताना ती चहा सांगायला बाहेर गेली तेव्हा मी त्या रेकॉर्डिंगवाल्या मुलाकडून माझं ते वरच्या आवाजातलं गाणं मोबाईलवर मागून घेतलं. शाळेत जायच्या आधी, गाडी स्टँडवर लावून, मी ते रोज एकदा ऐकते. मला आवडतं ते.